भिंतीशिवाय छप्पर

आर्मास हुओतारीसारखा सुतार उत्तरेकडच्या आमच्या काइनू भागात आता दुसरा नाही. एकही खिळा न मारता ओंडक्यात ओंडका बसवायचा, फटींत शेवाळ ठासायचं, आणि मग वाऱ्याने त्या भिंतीतून आत येऊन दाखवावं. तळ्याच्या या काठावरचे निम्मे सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या लाकडी खोल्या, त्याच्या हातचे आहेत, माझाही. पण हातात जेवढी कला तेवढाच डोक्यात हट्ट. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला माणूस. मी त्याची शेजारीण राइली, दुधाचा टँकर चालवण्यात आयुष्य गेलं, आणि तोंडाने फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मी बोलणार.

त्याची बायको लेम्पी. चिमणीएवढी बाई. जुन्या कपड्यांच्या पट्ट्या फाडून मागावर सतरंज्या विणायची. तिची फुप्फुसं गेली होती. उन्हाळ्यात बरी असायची, पण हिवाळा आला की घर लहान व्हायचं. निजायची खोली बंद, माग तिथेच थंडीत कुडकुडत पडलेला, आणि दोघं म्हातारी मोठ्या खोलीत विटांच्या भट्टीला पाठ लावून बसलेली. भट्टी पेटवली की ती खोकायची. विझली की गारठायची. त्यातून आर्मासचा खांदा निखळल्यापासून लाकडं फोडणंही होईना.

एका शरदात नर्स आली, तिने भिंतीवरचा थर्मामीटर बघितला, लेम्पीची छाती ऐकली आणि सरळ सांगितलं, "खोली बावीस अंशांवर राहिली पाहिजे. दिवसरात्र. आणि धूर अजिबात नको. नाही जमलं तर मी शहरात वृद्धाश्रमात जागा बघते."

"दोघांना?" आर्मासने विचारलं.

"तुम्हाला काय झालंय? तुम्ही ठणठणीत आहात."

नर्स गेल्यावर लेम्पी मला म्हणाली, "राइली, मी या घरातून जाईन ती आडवीच. तोवर मला कोणी हलवायचं नाही." एवढं बोलली आणि दम लागून बसली.

म्हणून मीच हीट पंपाचं काढलं. माझ्याकडे कित्येक वर्षं होता. आत भिंतीवर एक लांबट पेटी, बाहेर पंखा असलेला डबा, मध्ये नळी. धूर नाही, राख नाही.

"कसली लाकडं जाळतो तो?" आर्मास म्हणाला.

"काही जाळत नाही. बाहेरच्या हवेतली ऊब काढून आत आणतो."

"बाहेरच्या? उणे वीसमधली ऊब?" तो लेम्पीकडे वळला. "म्हातारे, हिच्या कॉफीत काय ओतलंस तू?"

"अरे ठोंब्या, गोठ्यातली दुधाची टाकी आठव," मी म्हटलं. "दूध गार करायचं यंत्र दुधातली ऊब काढून मागच्या खोलीत फेकायचं की नाही? त्या खोलीत बायका मोजे वाळवायच्या. दुधात असते तशी हवेतही असते. पिळून काढणारा पाहिजे. एक वाटी वीज घेतो आणि तीन वाट्या ऊब देतो. कडाक्याच्या थंडीत दोन देईल, पण देईल."

"आणि बिघडला तर?"

"तुझा खांदा बिघडला नाही का?" लेम्पी म्हणाली.

शहरातल्या लेकीने, सिर्पाने, पंप घेऊन दिला आणि पहिल्या बर्फाच्या आधी योर्मा तो बसवायला आला. योर्मा आमच्याच गावचा, कमी बोलणारा, हाताचा चोख. व्हरांड्याच्या शेजारी, अगदी दर्शनी भिंतीवर त्याने डबा टांगला. जाताना आर्मासला म्हणाला, "छतावरून बर्फ घसरेल, पाणी ठिबकेल. वर एक छप्पर कर."

"छप्पर करायचं मला शिकवतोस?" आर्मास म्हणाला, आणि दोघं हसले. मी तिथेच उभी होते. योर्माने याहून एक शब्द जास्त सांगितला नाही. त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

मग काय झालं ते बघायला तुम्ही हवे होता. आठवड्याभरात निजायच्या खोलीचं दार उघडलं. काचांवरचा आतला बर्फ गेला आणि लेम्पीने तिथे पडदे लावले. सकाळी उठून ती झग्यावरच, अनवाणी, कॉफी ठेवायला जायची. अनवाणी, नोव्हेंबरात! मागाचा खटखट आवाज मला माझ्या अंगणात ऐकू येऊ लागला. तिचा खोकला थांबला असं म्हणणार नाही, पण दोन खोकल्यांच्या मध्ये एक अख्खी गोष्ट सांगून व्हायची. नर्सने थर्मामीटर बघितला, मान डोलावली आणि वेलचीचे दोन पाव खाऊन गेली.

आर्मास आधी घुम्यासारखा होता. त्याची भट्टी बंद, लाकडांची रास तशीच, आता मी करू काय, असा चेहरा. पण बायको अनवाणी फिरते हे बघून माणूस विरघळला. एकदा मी गेले तर हा व्हरांड्यात उभा राहून डब्याकडे बघतोय.

"बघ ना," मला म्हणाला. "आपण आत मजेत, आणि हा बिचारा उघड्यावर गारठतोय. कुत्र्यालासुद्धा आपण घर देतो."

"त्याला फक्त छप्पर हवंय. माझ्या डब्यावर आहे ना, पत्र्याचं."

"भिंती नाहीत ते कसलं छप्पर? तो तर बसथांबा झाला!"

आणि त्याने घर बांधलं. ते काही खोकं नव्हतं. कोपऱ्याकोपऱ्यांत खाचा पाडून बसवलेल्या फळ्या, फटींत शेवाळ, वर लाकडी कौलं, पुढे बिजागरीचं दार. लाल भिंती, पांढरे कोपरे, हुबेहूब त्यांच्या घरासारखं. दाराला निळा रंग द्यायचा होता. लेम्पी खिडकीतून हसत होती, कारण हा मोतीबिंदूवाला राखाडी रंगाचा डबा उघडून निळा म्हणून फासत होता.

"म्हाताऱ्या, तो निळा नव्हे!"

"निळाच आहे."

"तुला आता निळं दिसतंय कुठे? डोळ्याचं ऑपरेशन करून घे म्हणते, तर रांगेत नाव आहे म्हणून सांगतोस."

दार राखाडीच राहिलं. लोक नाताळच्या कॉफीला आले ते आधी ते घर बघायला. "नाकापेक्षा मोती जड," मी म्हटलं, पण कौतुकानेच. एवढं सुबक काम मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. दार तेव्हा उघडं असायचं आणि यंत्र मजेत गुणगुणत होतं. खटकण्यासारखं काही नव्हतं.

जानेवारीत मोठी थंडी आली. उणे चौतीस, उणे छत्तीस. थंडीने झाडं तडकल्याचे आवाज यायचे. आर्मासने डब्याच्या घराचं दार लावून घेतलं. दुसरं काय करेल कोणी? थंडी वाढली की दार लावायचं, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवतात.

पुढचं मला त्याने नंतर सांगितलं, एकदाच, भिंतीकडे बघत.

दार लावलं आणि दुसऱ्याच दिवशी खोलीतली ऊब ओसरली. वीस, अठरा, सोळा. आर्मासला वाटलं, यंत्राला थंडी बाधली. त्याने दाराच्या फटींत लोकर कोंबली. तरी उतरतच राहिलं. मग त्याने घोड्याची जुनी घोंगडी काढली आणि त्या घरावर चहूकडून गुंडाळली. यंत्र जी गार हवा बाहेर टाकायचं तीच हवा त्या सुबक भिंतींना थडकून परत त्याच्याच नाकात जायची. प्रत्येक श्वासाला आणखी गार, आणखी गार. शेवटी पंख्यावर बर्फ चढला आणि तो थांबला. हा मात्र बाहेरून घोंगडी नीट करत होता.

मला फोन करायचा होता की! योर्माला करायचा. पण योर्माची बहीण नर्सच्याच कचेरीत, आणि सोमवारी नर्स यायची होती. लेम्पीनेच सांगितलं, "कोणाला बोलू नकोस. एकदा का खोली गार आहे म्हणून लिहून गेलं की मला नेतील." दोघांनी मिळून ताकाला जाऊन भांडं लपवलं. मी शुक्रवारी फोन केला तर लेम्पी म्हणते कशी, "अगं, इतकं गरम आहे की भट्टीत बसल्यासारखं वाटतंय." तेव्हा ती दोन रजया आणि आर्मासचा कोट घालून बसली होती. मेली कधी खोटं बोलायची नाही, आणि बोलली ती अशी.

शनिवारी सकाळी आर्मासने विटांची भट्टी पेटवली. सोमवारपर्यंत विटा तापवून ठेवायच्या, मधल्या दिवसात धूर निघून जाईल, नर्सला बावीस दिसतील, असा बेत होता. मला वाटतं त्याला बरंही वाटलं असेल. पुन्हा त्याच्या हाताला काम होतं.

आमच्याकडे पोराला अक्षरओळखीच्या आधी एक गोष्ट शिकवतात. लाकडं जळून निखारे झाले की लगेच धुराड्याची झडप लावायची नाही. निखाऱ्यांवर निळ्या जिभा नाचतात, त्या नाचतात तोवर धुराडं उघडं ठेवायचं. निळं दिसतंय तोवर मरण आत आहे. झडप आधी लागली तर त्यांचा विषारी वायू घरात भरतो, ना वास, ना धूर. पण फार वेळ थांबलं तर सगळी ऊब धुराड्यातून आकाशात जाते. म्हणून नेमकी वेळ साधायची असते. त्या घरात ती वेळ लेम्पी सांगायची. आर्मासचे डोळे गेल्यापासून दर वेळी तो गजाने निखारे ढवळायचा आणि विचारायचा, "झालं का गं?" ती खुर्चीतून वाकून बघायची, "नाही, अजून आहे एक कोपऱ्यात," आणि मग केव्हा तरी, "हं, लाव आता."

त्या शनिवारी ती खुर्चीत नव्हती. निजायच्या खोलीत रजयांखाली होती, ओठ निळसर पडलेले, दात वाजत होते. तिला उठवायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने स्वतःच वाकून बघितलं. निखारे लाल दिसले, राख राखाडी दिसली. त्याने झडप लावली. घट्ट लावली, एवढीशी ऊबसुद्धा वाया जाऊ नये म्हणून.

मग दोन्ही खोल्यांमधलं दार त्याने सताड उघडलं आणि तिच्याजवळ गेला.

"आली का गं ऊब?"

"आली," ती म्हणाली. "आता आली. तू जा, सौना तापव."

शनिवार होता ना. शनिवारी सौना चुकवतो तो इथला माणूसच नव्हे. तो तळ्याकाठी गेला, बर्फातल्या भोकातून पाणी काढलं, सौना तापवला, खांदा शेकला. म्हणून तो जगला.

दुपार कलताना मला त्याचा फोन आला.

"राइली, लेम्पी उठत नाहीये."

गाडी सुरू होईना तर मी बर्फावरून घसरगाडी ढकलत गेले. या वयात. आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर ती ऊब. किती छान ऊबदार घर होतं! लेम्पी उशीवर होती आणि तिचे गाल गुलाबी झाले होते. एवढ्या वर्षांत तिच्या गालांवर मी रंग बघितला नव्हता. क्षणभर मला वाटलं, बाई बरी झाली की. मग माझंच डोकं ठणकायला लागलं, आणि मला कळलं.

मी आर्मासला ओढून बाहेर काढलं, खिडक्या फोडल्यासारख्या उघडल्या. उणे छत्तीस धाडदिशी आत आलं. लेम्पीला हलवण्यात अर्थ नव्हता, तरी मी तिला पाय धरून ओढत व्हरांड्यापर्यंत आणलं. रुग्णवाहिकेला शहरातून यायला लागतो तेवढा वेळ लागला. तोवर तो त्या लाल घराशेजारी पायरीवर बसून होता. मी त्याच्या अंगावर घोंगडी टाकायला गेले तर ती त्या डब्यावर गुंडाळलेली.

"मी झडप लावली," तो सांगत राहिला. मला, रुग्णवाहिकेतल्या पोरीला, पोलिसाला. "मीच लावली." कोणी विचारत नव्हतं.

पण दफन झाल्यावर त्याचं बोलणं फिरलं. मनाला कुठे तरी टेकायला जागा लागते. "त्या डब्याने दगा दिला," म्हणायला लागला. "मी त्याला घर दिलं आणि त्याने ऐन वेळी मान टाकली. तो चालला असता तर मी कशाला भट्टी पेटवली असती?" लोक माना हलवायचे. मीही हलवली. तो घरात राहीना, सौन्यातच बाकावर झोपायचा. सिर्पाने सांगितलं, तो डबा काढून टाका, बाबांच्या डोळ्यांसमोर नको. म्हणून थंडी जरा उतरल्यावर योर्मा आला.

त्याने घोंगडी उतरवली. लोकर उपसली. राखाडी दार ओढून उघडलं आणि तसाच उभा राहिला. आत सगळा बर्फाचा ठोकळा होता, त्यात पंख्याची पाती अडकलेली.

"बघ," आर्मास म्हणाला. "मेलाय ना?"

योर्माने कोपऱ्यातल्या सांध्यावरून बोट फिरवलं. सुताराचं काम ओळखणारा माणूस आहे तो.

"काय मोडलं त्याचं?"

योर्माने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात असतं तर मी खोटं बोलले असते. सांगितलं असतं, मोटार जळली, कारखान्याचा दोष. एवढं तरी म्हाताऱ्याच्या पदरात पडू दिलं असतं. मी त्याला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण योर्माला खोटं बोलता येत नाही, आणि त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

"काही मोडलेलं नाही," तो म्हणाला.

"मग?"

"त्याला हवा मिळत नव्हती, आर्मास."

आर्मासने वरच्या कौलांकडे बघितलं. मग म्हणाला, "छप्पर कर, म्हणाला होतास."

"हो. छप्पर."

"भिंती नाही."

"भिंती नाही."

आर्मास लाकडांच्या खोलीत गेला आणि लाकडी हातोडी घेऊन आला. योर्मा मदतीला पुढे झाला, तर त्याने हातानेच त्याला मागे केलं. त्याने एकेक सांधा आतून ठोकून सैल केला, एकेक फळी उतरवली आणि बर्फावर रचून ठेवली, लहान खाली नाही, मोठी वर नाही, सगळं नीट. एका खांद्याने. छप्पर तेवढं चार खांबांवर ठेवलं. मी आतून गरम पाण्याच्या बादल्या आणत होते आणि योर्मा ते हळूहळू ओतत होता. बर्फ सुटला. पात्यांनी एक गचका दिला, थांबली, आणि मग फिरायला लागली. योर्मा शांतपणे आपली हत्यारं आवरायला लागला. काढून न्यायला आला होता हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

मी आत जाऊन कॉफी ठेवली. हात चालू ठेवायचे म्हणून. पेटीतून आधी गार वारा आला, मग कोमट, मग खरी ऊब. लेम्पीच्या खुर्चीवर पडत होती. काचांवरचा बर्फ सुटून पाणी ओघळायला लागलं. मागावर अर्धी सतरंजी तशीच होती.

योर्मा गेल्यावर आर्मास आत आला. कोट, बूट, टोपी, सगळं अंगावर तसंच. तो थर्मामीटरसमोर जाऊन उभा राहिला आणि नाक काचेला लावून बघत राहिला.

"मला दिसत नाही," म्हणाला. "किती दाखवतोय?"

मी सांगायला नको होतं का? पण मी बघितलं आणि सांगितलं.

"बावीस."

"बावीस," तो म्हणाला. टोपी काढून त्याने हातात धरली, आणि ऊब त्याच्या टकलावर पडत होती. "बघ राइली, झालं. नर्सला फोन कर. तिला सांग, बावीस आहे म्हणावं."